पॉलिशवाल्याची पाठवणी

"आज त्याला पाठवायचंच," असे सांगून ताईंनी खुर्ची ओढली आणि कुणी निसटून जाऊ नये अशा बेताने त्या कारखान्याच्या दारातच ठाण मांडून बसल्या.

निसटण्याच्या विचारात कुणीच नव्हते. त्यांचा धाकटा भाऊ, ज्याला सारी गल्ली पॉलिशवाला म्हणून ओळखे, आत एका कपाटाच्या दारावर लाखेचा शेवटचा हात फिरवीत होता. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, मऊ कापडाचा बोळा आणि गोल फिरणारा शांत हात. तो वास त्याच्या सदऱ्यात, केसांत, नखांत मुरलेला होता. त्या वासाआड दुसरा वास लपवणे किती सोपे, हे ताईंच्या ध्यानी येण्यास फार उशीर झाला होता, आणि त्याबद्दल त्या स्वतःस क्षमा करावयास तयार नव्हत्या.

"वन्सं, हे कुठेही जाणार नाहीत," भावजय म्हणाली. हाताची घडी घट्ट आवळून ती भिंतीला टेकली होती.

"अगं, लाकडांच्या थप्पीमागच्या बाटल्या मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या. विचारलं, तर 'माझ्याच' म्हणाला. गुन्हा कबूल करणाऱ्याची वकिली तू कशाला करतेस?"

"कारण मला जे ठाऊक आहे ते तुम्हाला नाही."

"प्रत्येक पालक मला हेच सांगायचा." ताईंची सारी हयात मुख्याध्यापकीत गेली होती. "आणि कोपरावरचं ते काळंनिळं?"

"न्हाणीघरात पडले."

"त्याआधी जिन्यात पडली होतीस. तुझंच बरं नेमकं पाऊल घसरतं."

"ह्यांनी मला बोटसुद्धा लावलेलं नाही. पुन्हा असं काही सुचवलंत, तर मी नातं विसरेन."

ताईंनी आवाज चढवला नाही. दारू सोडवणाऱ्या उपचारकेंद्रातल्या डॉक्टरीणबाईंचे शब्द त्यांच्या मनात पक्के बसले होते. माणूस तळाला जाईल, मग पाहू, असे म्हणत थांबू नका. काम बिघडू लागले, घरात खोटे बोलणे सुरू झाले, सोडण्याच्या शपथा घरीच मोडू लागल्या, की तिथे राहून उपचार घेण्याची वेळ झाली असे समजा.

काम तर बिघडलेच होते. चौकटींवरची सोनेरी वर्खाची नक्षी पूर्वी भावजय करीत असे, श्वास रोखून, एका केसाइतक्या रेषेने. अलीकडे तेही भावाने स्वतःकडे ओढून घेतले होते आणि त्याला ते साधत नव्हते. गिऱ्हाइके कुरकुरू लागली होती. तिच्या हातून कुंचला का काढून घेतलास, असे ताईंनी एकदा विचारले, तेव्हा "ती दमते" म्हणून तो बाहेर निघून गेला. हेकट माणसे अशीच उत्तरे देतात, असे ताईंस वाटले होते.

"अरे, तू तरी तोंड उघड," त्या म्हणाल्या.

भावाने बोळा डबीत ठेवला, हात पुसले. "बॅग भरून ठेवलीय, ताई. येतो मी."

"ऐक. तो शहाणा झाला, आणि तू अडून बसलीस."

"ती बॅग खाली ठेवा," भावजय त्याला म्हणाली.

"जाऊ दे ना मला. मी गेलो की सगळ्यांचं समाधान होईल."

"माझं होणार नाही."

"अगं, थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे."

"एक दिवसही नाही. तुम्ही केंद्राच्या गाडीत बसलात, तर मी ह्या घरात राहणार नाही. सांगून ठेवते."

ताईंना तिचा संताप आला आणि कीवही आली. नवऱ्याच्या व्यसनाला असा पदराआड घेणारा जीव त्यालाही बुडवतो आणि स्वतःही बुडतो, हे हिला कोण सांगणार?

इतक्यात केंद्राची गाडी दाराशी लागली. मदतनीस उतरला, आडव्या बांध्याचा, हसऱ्या तोंडाचा माणूस. त्याने भावाजवळ येऊन नाक किंचित वर केले.

"हे आमचे पाहुणे ना? वासावरूनच कळलं."

ताईंनी मान खाली घातली. भावाने बॅग उचलली.

"एक विचारतो, मनाला लावून घेऊ नका," मदतनीस म्हणाला. "शेवटची कधी घेतलीत? खरं सांगा. त्यावरच तिथलं औषध ठरतं. रोजची एकदम तुटली की अंगाचा थरकाप होतो, कधी जिवावर बेततं. इथे लाज धरायची नाही."

"काल," भाऊ अडखळला. "काल असेल. संध्याकाळी."

"असेल म्हणजे? तेवढीही शुद्ध उरली नाही तुला?" ताईंनी विचारले.

भावजय भिंतीपासून सुटली. भावाने तिचा दंड धरला. तिने तो सोडवून घेतला, तिघांच्या मधून वाट काढली आणि रिकाम्या हातांनी गाडीत जाऊन बसली.

"आज सकाळी," ती मदतनिसाला म्हणाली. "ह्यांनी उभ्या जन्मात घेतलेली नाही."