चाखलं कुणी?

लिफ्टचं दार उघडलं आणि सगळेच्या सगळे वाडगे परत खाली, इस्पितळाच्या स्वयंपाकघरात आले. चाळीस वाडगे, आणि प्रत्येकातलं सूप जेमतेम चमचाभर कमी झालेलं. हाताखालच्या पोरीने, धाकटीने, कडेच्या वाडग्यात बोट बुडवलं, जिभेपर्यंत नेलं आणि तसंच एप्रनला पुसून टाकलं.

"वर समुद्र पाठवलात की काय?" वाडगे घेऊन आलेली वॉर्डातली मावशी म्हणाली. "एक आजोबा विचारत होते, ही औषधाची नवी तऱ्हा आहे का म्हणून."

मुख्य स्वयंपाकीण असलेल्या बाईंनी धाकटीकडे पाहिलं. "तू चाखलं होतंस ना?"

  सकाळी याच प्रश्नाला धाकटीने पातेल्यात डाव फिरवत बेधडक सांगितलं होतं, "हो, चाखलं. आता ठीक आहे." चाखलं काहीच नव्हतं. बाईंनी मीठ घातलंय की नाही, हे वासावरून ठरवायला गेली आणि आपल्या हाताने आणखी मूठभर घालून बसली.

बाई बहाई धर्माच्या होत्या. या दिवसांत त्या सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत अन्न घेत नसत, पाणीही नाही, असे एकोणीस दिवस. दरवर्षी त्या रजा टाकायच्या. यंदा रजा मिळाली नाही, म्हणून चाखण्याचं काम त्यांनी धाकटीकडे दिलं होतं. धाकटीला आधीच नसत्या चौकशा फार. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "भांडारात जाऊन घोटभर पाणी प्यायलात तर कुणाला कळणार आहे?"

"कुणालाच नाही," बाई म्हणाल्या, "म्हणून तर."

हे उत्तर चार दिवस तिच्या डोक्यात घोळत राहिलं. शेवटी आज पाचव्या दिवशी, कुणाला न सांगता, तिने स्वतःच करून बघायचं ठरवलं. दहा वाजेपर्यंत पोटात कावळे ओरडायला लागले, तरी मनातून ती भलतीच खूश होती. डाव तोंडाजवळ नेऊन उपास मोडायचा तिला धीर झाला नाही.

मॅनेजर तरातरा खाली आला. वाडग्यांकडे पाहून त्याने कपाळाला हात लावला.

"चाखलं कुणी?"

"स्वयंपाकघर माझं आहे. चूक माझी," बाई म्हणाल्या.

"अठरा वर्षांत एक तक्रार नाही तुमची, आणि आज हे! उपास करा हो, माझं काही म्हणणं नाही. पण उद्यापासून चाखणार असाल तरच पातेल्याजवळ उभं राहायचं. नाहीतर भाजी चिरा, सूप दुसरं कुणीतरी बघेल."

अजून चौदा दिवस उरले होते.  एरवी बाईंच्या जिभेपुढे सुरीही बोथट वाटायची. त्यांनी धाकटीचं नाव घ्यायला हवं होतं, निदान तिच्याकडे बोट तरी दाखवायला हवं होतं. त्यांनी नुसता हातातला डाव खाली ठेवला. अठरा वर्षांचं पातेलं ही बाई आपल्यापायी सोडणार, हे धाकटीला स्पष्ट दिसलं आणि तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"साहेब, मी चाखलंच नाही," ती म्हणाली. "चाखलं म्हणून खोटं सांगितलं. माझाही उपास होता."

"तू पण त्यांच्यातली?"

"नाही. मी... बघत होते, कसं वाटतं ते."

मॅनेजर तिच्याकडे पाहतच राहिला. "खाली दोन उपाशी आणि वर चाळीस! अर्ध्या तासात नवीन सूप वर गेलं पाहिजे. आणि तेही परत आलं, तर मी म्हणालो तसंच होईल."

तो गेला. बाईंनी दुसरं पातेलं चढवलं. धाकटी गाजरं चिरत होती, पण कान सगळे मागे. आता बोलणी बसतील, मग बसतील, असं करत तीन गाजरं झाली.

"ओरडा ना एकदाचं," ती न राहवून म्हणाली.

"सकाळपासून पाणीसुद्धा नाही प्यायलीस?"

"नाही."

"आणि मला म्हणालीस, ठीक आहे."

"हो."

"मग तुझा उपास तेव्हाच सुटला गं. उगीच तहानलेली राहिलीस." बाईंच्या आवाजात राग नव्हता. "पोट रिकामं ठेवायचं ही नुसती खूण असते. ज्याची खूण, तेच जर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. सूपाला उकळी आली होती. त्यांनी मीठ घातलं, ढवळलं आणि डावभर सूप धाकटीपुढे धरलं.

धाकटीने फुंकर मारून ते प्यायलं. नंतर आणखी एक घोट घेतला, कारण पहिला घोट भुकेने प्यायला होता, त्यातून काही कळलं नव्हतं. बाईंच्या हातचं मीठ चुकलंय असं आजवर या स्वयंपाकघरात कुणी म्हटलं नव्हतं.

"कसं आहे?"

बाईंचे ओठ कोरडे पडून पांढरे झाले होते. भिंतीवरच्या घड्याळात बारा मिनिटं उरली होती.

"बाई," धाकटी म्हणाली, "कमी आहे."

बाईंचा हात मिठाच्या डब्यात गेला. मूठ अर्धी भरली आणि तशीच पातेल्यावर थांबली.

"सांग," त्या म्हणाल्या. "तू म्हणशील तेवढंच सोडते."