गळती

जुन्या पुस्तकांच्या त्या व्यापाऱ्याच्या दुकानातून महिनाभर पुस्तकं गायब होत होती. संशय वीस वर्षांपासून कामाला असलेल्या नोकरावर होता. पुरावा हाती लागला की उद्याच त्याला घरी बसवायचं, असं व्यापाऱ्यानं मनाशी पक्कं केलं होतं. म्हणून आज तो एकेका दुकानदार मित्राकडे चहा पीत, टाळ्या देत, हसत बसला. नजर मात्र कपाटं चाळत होती. चौथ्या दुकानात स्वतःच्या शिक्क्याची अकरा पुस्तकं दिसली आणि त्यानं हातातला कप खाली ठेवला.

"ही कुणी विकली रे तुला?"

"विकली कुठे? तुझे वडील आणून देतात.



म्हणतात, 'पुस्तक फुकट घे, पण घटकाभर माझ्याशी बोल.'"