क्लामारमधला क्लामार

"बाबा, नागरिकत्व घेताना इथे आडनावही बदलता येतं. आम्ही 'क्लामार' लावायचं ठरवलंय," मुलगा फोनच्या पडद्यावरून म्हणाला. क्लामार म्हणजे तो राहतो ते पॅरिसचं उपनगर. "इथे असतं तसं आडनाव. उद्या अर्ज देतोय."

मी सहसा त्याच्याशी वाद घालत नाही. तेवढं धैर्यही नाही. पण त्या दिवशी हसू आवरेना.

"अरे शहाण्या, आपण नेवरेकर कधी झालो? पणजोबा नेवरे सोडून बाहेर पडले तेव्हा. गावातच राहणाऱ्याला कुणी गावाचं नाव लावतं का? म्हणे क्लामारमधला क्लामार! तिथली पोरंसोरं हसतील तुला."

"इथे कुणाला आपलं आडनाव उच्चारता येत नाही, बाबा."

"मग शिकव. त्यांचा घशातला 'र' तू नाही घोटलास वर्षभर?"

तो म्हणाला, "सकाळी पावाच्या दुकानात नवं आडनाव सांगून पाहिलं. बाई म्हणाली, छान आहे, पण तुम्ही मूळचे कुठले?"

"मग? काय सांगितलंस?"

"नेवरे," तो वैतागून म्हणाला. "आणि तिनं ते एका फटक्यात नीट म्हटलं."