वरच्या खिडकीची दांडी

त्रिफॉनने पाइप दोन्ही गुडघ्यांत आवळून धरला आणि पॉलिश पेपरने घासायला लागला. गंजाचा लाल भुगा त्याच्या विजारीवर पडत होता. विहिरीच्या जुन्या पंपाचा हा पाइप कित्येक वर्षं कोंबड्यांच्या खुराड्यामागे लोळत होता. आता त्याची पडद्याची दांडी होणार होती.

"अगं प्रोफिरा, इटलीत म्हाताऱ्यांचं हगणं-मुतणं काढलंस ते याचसाठी का?" कुंपणापलीकडून आग्लायाने विचारलं. शेजारीण म्हणून काहीही विचारायचा तिला हक्क होता, आणि तो ती वाया जाऊ देत नसे. "दुमजली घर, गुळगुळीत फरशी, आणि पडदा पंपाच्या पाइपला!"

"दुकानातल्या दांड्या वाकतात," मान वर न करता त्रिफॉन म्हणाला. "जाड कापड पेलत नाहीत."

प्रोफिराला लाजही वाटली नाही. तिकडे इटलीत, पादुआ शहरात, अंथरुणाला खिळलेल्या परक्या बाईची कूस बदलता बदलता तिचं वाटण्याचं खातं कधीतरी बंद पडलं होतं. सुट्टीवर आल्यापासून एकच नोंद त्यात उघडी होती. सोमवारी जवळच्या कागुल शहरातून इटलीची गाडी सुटणार होती. तिने जागा धरून ठेवली होती, पैसे मात्र भरले नव्हते. त्रिफॉन एकदा, फक्त एकदा, 'जाऊ नकोस' म्हणाला तर ती जाणार नव्हती.

तो मक्याच्या पिठाची मामालिगा आळणी झाली म्हणाला होता. अक्रोड यंदा किडके निघाले म्हणाला होता. ते दोन शब्द सोडून त्याने बरंच काही बोलून घेतलं होतं.

पण ही दांडी त्याने मनावर घेतली होती. ती आल्यापासून त्याने मोठ्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. घर मळू नये म्हणून गावातले सगळेच अंगणातल्या एवढ्याशा स्वयंपाकघरात राहत. तिथेच रांधत, तिथेच झोपत. हे दोघंही तसेच. आणि आता हा गडी वरच्या झोपायच्या खोलीला पडदा लावायला निघाला होता. म्हणजे वर राहायचं त्याच्या मनात असणार. दोघांनी. नवरा तोंडाने बोलत नसेल तर पाइपने बोलत असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

"मी जाळीचे पडदे आणलेत की," ती म्हणाली.

"त्यातून आरपार दिसतं."

"मग दिसू दे. आपल्याकडे कोण डोकावतंय? ही आग्लाया?"

"मला कशाला मध्ये घेता?" आग्लाया डोकावतच म्हणाली.

"जाडच हवा," त्रिफॉन म्हणाला, आणि विषय संपला.

फाटकाचा उरलेला सोनेरी रंग त्याने पाइपला दिला. दोन्ही टोकांच्या भोकांत एकेक अक्रोड ठोकून बसवला, त्यांनाही रंगवलं. भिंतीत अडकवायला बाभळीच्या दोन बेचक्या तासल्या. खर्च शून्य. आग्लायालाही मान्य करावं लागलं की लांबून पितळेची वाटते.

संध्याकाळी दोघं बूट दारात काढून वर गेली. त्याने बेचक्या ठोकल्या, दांडी चढवली. तिने कड्या ओवल्या आणि मोहरीच्या रंगाचा तो जाडजूड पडदा ओढला. सरकन सरकला. खोलीत अंधार झाला. त्याने दिवा लावला.

"तू इथेच थांब," म्हणून तो खाली गेला.

दांडी सरळ आहे का ते बाहेरून बघत असेल. तिने पलंगावरची घडी केलेली गोधडी उलगडली. अंगणात त्याची पावलं वाजली, मग स्वयंपाकघराच्या पायरीवर बसताना तो कण्हला.

"वाकडी आहे का रे?" तिने पडद्याआडून हाक दिली.

"नाही." खालून त्याचा आवाज आला. "तू तिकडे असताना रोज वर दिवा लावून इथे बसायचो, तर खोली रिकामी दिसायची. आता कसं, तू आत असल्यासारखं वाटतं."

"अरे, मी आतच आहे!"

"आज आहेस गं," तो म्हणाला. "मी सोमवारनंतरचं बघतोय."