करंजाच्या तेलावरचं इंजिन

पाहणीला येणाऱ्या साहेबांची गाडी यायला अर्धा तास होता आणि इंजिन बंद पडलं. थंडीनं करंजाचं जैवडिझेल दाटलं होतं, फिल्टर चोंदला होता. धानगिरणीमागे कोणी नाही असं पाहून भूपेशनं टाकी रिकामी केली, फिल्टर धुतला आणि पंपावरचं साधं डिझेल ओतलं.

भूपेश चंद्रपूरच्या कॉलेजात इंजिनं शिकवायचा. चामोर्शीजवळच्या या गावातल्या बायकांनी त्याच्यासाठी दोन हंगाम करंजाच्या बिया वेचल्या होत्या. त्यांच्या तेलापासून केलेल्या या इंधनावर गिरणी चालते, धूर कमी होतो, हे आज दाखवायचं होतं.

इंजिन एका दमात सुरू झालं. साहेबांनी विचारलं, "डिझेलपेक्षा जास्त जातं का हो हे?"

"नाही सर. तेवढंच जातं."

उत्तर अगदी खरं होतं. भूपेशचे कान तापले.

टाळ्या झाल्या. बायकांची पुढारी म्हणून वच्छलाबाईला नारळ दिला. नारळ पोटाशी धरून ती धुराड्याजवळ गेली, नाकावरचा पदर काढला, हुंगून पाहिलं. करंजाचं तेल जळलं की तळणाच्या कढईसारखा वास येतो, हे तिला कोणी सांगायला नको होतं; आज तो वास नव्हता. तिनं भूपेशकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली.

"बोला बाई, दोन शब्द," साहेब म्हणाले.

"सरनं खूप मेहनत केली," वच्छलाबाई एवढंच बोलली.

गाडी गेली. बायका सतरंज्या गोळा करायला लागल्या. भूपेश वच्छलाबाईपुढे येऊन उभा राहिला.

"बंद पडून राह्यलं होतं का?" तिनंच विचारलं.

"हो बाई. सकाळी."

"मंग तसंच दाखवाचं होतं. आमी का हासलो असतो तुमाले?"

भूपेशनं बाह्या वर सारल्या. सगळ्यांसमोर डिझेल कॅनमध्ये काढलं, करंजाचं तेल ओतलं, हँडल मारलं. इंजिन खोकलं, पांढरा धूर सोडला, मिनिटभर धडधडलं आणि थांबलं.

कोणी हसलं नाही. त्यानं फिल्टर खोलला. आत पिवळट, चिकट साका बसला होता. तो पुसायला त्यानं फडकं शोधलं, तर वच्छलाबाई जवळ येऊन जमिनीवर टेकली आणि हात पुढे केला.

"दाखवा इकडं," ती म्हणाली, "कुठी अडकून राह्यलं ते."