वायरचं दुसरं टोक

घरून पुण्याच्या कंपनीचं काम करणाऱ्या सलोनीचं माडीवरचं नेट ऐन मीटिंगच्या तोंडावर बंद पडलं. तिनं वायर काढून लावली, नवी पिन बसवली, पण वायफायच्या डब्यावरचा लाल दिवा काही हिरवा होईना.

मारेगावहून आलेला वायफायवाला म्हणाला, "इथं सारं बरोबर आहे, ताई. वायर खालच्या राऊटरमधून निसटली असन. तो कुठी आहे?"

सलोनीनं खालच्या खोलीचं दार उघडलं. आत पार छतापर्यंत कापूस भरलेला.

"राऊटर त्याच्याच मागं आहे," बाबा म्हणाले.

"मंग कापूस कधी इकता?" वायफायवाल्यानं विचारलं.

"दहा हजार भाव झाला का इकतो."

सलोनीनं कंपनीतल्या साहेबांना तसंच कळवलं. तेव्हापासून साहेब रोज सकाळी तिला फोन करून आधी कापसाचा भाव विचारतात.