न बोलावलेला लाहा

नानीबाईने लाहा बोलावलाच नव्हता, आणि माणसं तर टेकडीवरून उतरत होती. खांद्यावर बांबू, कमरेला विळे, बायांच्या डोक्यावर टोपल्या. पुढे गावचा कारभारी गिरधर. वाट तिच्याच अंगणात येत होती. त्या वाटेला दुसरं घरच नव्हतं.

सातपुड्यातल्या त्या पाड्यावर एकट्याचं काम एकट्याचं राहत नाही. घर उभारायचं असलं, शेत नांगरायचं असलं, की आदल्या सांजेला दारोदार सांगून यायचं. मग घरटी एक माणूस येतो आणि मजुरी विचारत नाही. त्याचं नाव लाहा. रीत एकच. ज्याचा लाहा, त्याची भाकर. आलेल्याला उपाशी पाठवलं, तर पुढे आपल्या दारी कोण येईल?

"रिना, तू सांगून आलीस?" नानीबाईने लेकीचा दंड धरला.

"याहा, मी कुठं गेले? तुझ्याजवळच तर होते."

घरात होतं काय? कणगीच्या तळाला दोघींपुरती मका, तीही ट्रक येईपर्यंतची. उद्या मुकादमाचा ट्रक येणार, गाव गुजरातेत ऊसतोडीला जाणार. तिथं नवराबायको मिळून एक कोयता. तो तोडतो, ती मोळी बांधते. नवरा गेल्यावर नानीबाई भावाच्या जोडीने जायची. यंदा भावाचं लग्न झालं, त्याचा कोयता पुरा झाला. हिचा अर्धाच राहिला, आणि अर्धा कोयता मुकादम घेत नाही. दुसरा अर्धा म्हणजे रिना. बारावीची रिना. पोरीने पुस्तकं पेटीत घातली होती आणि वरून गोधडी पांघरली होती, निजल्या लेकरावर पांघरावी तशी.

घराच्या कुडावर अजून कोळशाची अक्षरं होती. रोज सांजेला पाड्यावरची पोरं अंगणात जमायची, रिना त्यांना शिकवायची. दिवाळी सरली की पोरंही आईबापांमागे उसाच्या फडात. होळीला परत यायची, तेव्हा अक्षरं तिकडेच राहिलेली. "दर साली तेच शेत नांगरते मी," रिना हसून म्हणायची. आता तर नांगरणारीच निघाली होती.

बाहेर घरालगत खड्डे खणायला सुरुवात झालीसुद्धा.

"गिरधरभाऊ, माझं घर धड आहे. वाट चुकलात का?"

"वाट चुकायला दोन घोट घ्यावे लागतात, नानी. ते घेऊ देते होय ही?" गिरधरने बायकोकडे, गुलाबबाईकडे बोट केलं. सगळे हसले. सांगितलं मात्र कुणीच काही नाही. खांब उभे राहिले, बांबू चिरले गेले. बायांनी कूड विणला, माती कालवली. लांबरुंद खोली, बघता बघता पाखराच्या घरट्यासारखी आकाराला आली. नानीबाईचे हात माती लिंपत होते आणि जीव चुलीपाशी होता. दुपार डोक्यावर येत होती.

शेवटी ती घरात गेली. चुलीवरच्या आढ्याला बियाण्याची कणसं टांगलेली होती, धुराने काळवंडलेली, पुढच्या पावसासाठी राखलेली. तिने ती सोडवली आणि दाणे काढायला बसली.

"याहा! बियाणं आहे ते."

"असू दे. आलेलं माणूस उपाशी गेलं, तर पेरू तरी कुणाच्या जिवावर?"

तेवढ्यात दाराशी सावली पडली. गुलाबबाई टोपलीवरचं फडकं काढत होती. आत भाकरी, वर उडदाची दाळ, आमचुराची चटणी. मागच्या बायांच्या टोपल्यांतही तेच. नानीबाईचं तोंड उतरलं. डोळे भरून आले.

"वहिनी, एवढी का माझी दशा झाली? माझ्या लाह्याला तुम्ही घरून भाकर आणलीत?"

गुलाबबाईने तिच्या मांडीवरची कणसं उचलली आणि होती तिथं परत टांगली. एक कणीस अर्धं सोललेलं होतं, तेही.

"उद्या आम्ही निघतो," गिरधर दारातून म्हणाला. नेहमीचा मोठा आवाज कुठं गेला होता कोण जाणे. "पोरं यंदा येत नाहीत. ह्या खोलीत राहतील. दिवसा शाळेत, सांजेला रिनाजवळ. दाणे सांजेला घरोघरून येतील, तुम्हा दोघींचेही; तेवढं रांधून घाल. तू राहिलीस की रिना राहील, रिना राहिली की पोरांची अक्षरं राहतील. काल सांगितलं असतं, तर तू लाजून नाही म्हणाली असतीस."

आतल्या खोलीत पेटीचं झाकण वाजलं. रिनाने गोधडी बाजूला केली होती.

गुलाबबाईने पहिली भाकर नानीबाईच्या हातावर ठेवली.

"ज्याचा लाहा, त्याची भाकर. लाहा आमचा आहे, नानी. तू आमच्या कामाला आलीस. बस, जेव."